लाउरीनं गिरणीवाला बुडवला

पोर्थ सिदान
सोमवार

प्रिय मेरेरिद,

'प्रिय' लिहिलं, मग खोडावं म्हणून पेन पुन्हा त्याच शब्दावर टेकवलं. ज्या शब्दानं आजवर तुझं प्रत्येक पत्र सुरू केलं, तो एका आठवड्यात खोडायला हात तयार होईना. माझा हात हट्टी आहे, तुला माहीत आहे. तेव्हा शब्द राहू दे. तो अजून खरा आहे का, हे पत्र संपल्यावर तूच ठरव. आणि फोन न करता पत्र का लिहिते, तेही आधीच सांगते. समोरासमोर बोलायला लागले की माझं भाषण होतं, आणि माझ्या भाषणाचं काय करायचं ते तुला चांगलं ठाऊक आहे. पत्राला तुझ्या मदतीची गरज नाही. ते माझ्या हातातून थेट तुझ्या हातात येईल.

इकडच्या बातम्या तशा बऱ्या आहेत. ऑगस्ट असूनही तीन दिवस ऊन पडलं, त्यामुळे गाव घाबरलं आहे. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गाड्या लागतात. परवा एका सीगलनं आमच्या पाद्रीबाईंच्या हातातला अख्खा मासा उचलून नेला. बाईंच्या तोंडून जे निघालं ते ऐकून बाकावरचे म्हातारे म्हणाले, रविवारच्या प्रवचनापेक्षा हे बरं होतं, निदान समजलं तरी. पाहुण्यांशी माझं भांडण नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको. वाऱ्याला आडोसा म्हणून वाळूत कापडं ठोकून बसलेली, थर्मासमधला चहा पिणारी, सँडविचबरोबर निम्मी वाळू खाणारी ती कुटुंबं मला मनापासून आवडतात. वर्षभर कुठल्या तरी गोदामात राबून चार दिवस समुद्र बघायला येणाऱ्या माणसाला मी कधी परका म्हटलेलं नाही. माझा राग कुणावर होता आणि का होता, हे जगात एका माणसाला सगळ्यांत नीट माहीत होतं, असं मी समजत होते.

माब्ली सुट्टीला माझ्याकडे आली आहे. नऊ वर्षांची झाली. बापासारखी नाकाडी आणि माझ्यासारखी वादखोर. बुधवारी तिला दिवसभर फिरवायचं ठरवलं. सकाळी धक्क्यावर बसून दोरीला बेकनचा तुकडा बांधून खेकडे पकडले. बादलीभर झाले, त्यांना नावं दिली, आणि परत सोडताना ती जरा रडली. मग गाढवावरची फेरी, मग आइस्क्रीम. दुपारी म्हणाली, "आजी, आता ती छोटी गाडी. गुहेतली." पाहुण्यांना घाबरवायला तुमच्या पर्यटन मंडळानं यंदा सुरू केलेली गाडी. तू तिथे काम करतेस याचा मला अभिमानच होता. गावातल्या कुणी नाकं मुरडली की मी म्हणायचे, "मेरेरिद आहे ना तिथे. ती असताना काही वाकडं होणार नाही." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, आता आठवायला नको वाटतं.

पुढचं सांगण्याआधी मला तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात जायचं आहे. शुक्रवारी तुमच्याकडे पाव भाजायचे. आपण दोघी टेबलाखाली बसून कच्चं पीठ चोरायचो. तुझी आई बोलत बोलत पाणी ओतायची, त्यामुळे ते नेहमीच जास्त पडायचं. मग ती हसून म्हणायची, "घ्या, बुडवला गिरणीवाला," आणि वरून आणखी दोन मुठी पीठ टाकायची. ते जास्त व्हायचं, मग पुन्हा पाणी, पुन्हा गिरणीवाला. तुझे बाबा दारातून म्हणायचे, "अगं, दर शुक्रवारी बुडवतेस बिचाऱ्याला. एकदा तरी वर काढ." या किनाऱ्यावरच्या प्रत्येक बाईच्या तोंडी असलेलं हे वाक्य मी पहिल्यांदा तुमच्या घरी ऐकलं. आमच्या घरी ते कुणी उच्चारत नसे. मी ते मोठ्या ऐटीत घरी नेलं. माझी आजी पीठ मळत होती. ती पाणी चमच्यानं घालायची, एक चमचा, मग थांबून बघायची, मग दुसरा. मी म्हटलं, "आजी, जपून, गिरणीवाला बुडेल." आजीनं हात धुतले, पीठ तसंच वाडग्यात सोडलं आणि मागच्या दारानं निघून गेली. आई मला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ते वाक्य या घरात म्हणायचं नाही."

का म्हणायचं नाही, ते आजीनं मला तिच्या शेवटच्या आजारात सांगितलं, आणि मी ते जगात फक्त तुला सांगितलं. कुठे सांगितलं तेही आठवत असेल. आपण दोघी नव्या शिक्षिका होतो आणि चर्चच्या रविवारच्या शाळेची सहल घेऊन याच धक्क्यावर आलो होतो. मुलं हट्टाला पेटली होती, होडीत का नाही न्यायचं, दुसऱ्या गावची मुलं जातात बेटावर सील बघायला. तू म्हणालीस, "खरंच गं, आपल्या गावची सहल कधीच होडीत का बसत नाही?" तेव्हा मी सांगितलं. माझे आजोबा गिटो ओढ्यावरची गिरणी चालवत. आजीचं नाव लाउरी, म्हणून सगळे तिला लाउरी वेलिन म्हणत, गिरणीची लाउरी. एका वर्षी सहल होडीतून बेटावर गेली होती आणि वल्ह्यावर आजोबा होते. आजी घरी थांबली होती, परतणाऱ्या मुलांसाठी पाव करायला. नवरा गिरणीवाला, त्यामुळे ते वाक्य त्यांच्या घरातली रोजची थट्टा होती. पाणी जास्त झालं की ती हाक मारून सांगायची, "गिटो, तुला बुडवला रे," आणि तो गिरणीतून ओरडायचा, "पोहतोय मी, काळजी करू नको." त्या दुपारी पाणी जास्त पडलं. ती रिकाम्या घराकडे बघून सवयीनं हसत म्हणाली, "आज तुला बुडवला रे." होडी परतताना ओढीच्या प्रवाहात उलटली. आजोबांनी एकेक करून सगळी मुलं खडकावर चढवली, एकही गेलं नाही. शेवटी त्यांच्याच हातात बळ उरलं नाही. तिच्या हाताला पीठ तसंच चिकटलेलं होतं तेव्हा माणसं दारात आली. ती चार मुलं वाढवून म्हातारी झाली, पण आपल्या जिभेनं त्याला बुडवलं हा काटा तिच्या मनातून कधी निघाला नाही. तू ऐकताना रडली होतीस. मुलांनी विचारलं, बाई का रडतात, तर तू म्हणालीस, डोळ्यांत वाळू गेली. आणि मला म्हणालीस, "माझ्यापाशी राहील. दुसऱ्यांचं बोलणं पोटात ठेवायचं, हाच तर आता माझा धंदा होणार आहे." त्याच महिन्यात तुला दुभाष्याची परीक्षा द्यायची होती.

आता गुहेत येते. गाडीवर ग्विलिम होता, माझाच विद्यार्थी, आता टक्कल पडलं आहे. म्हणाला, "बाई, डोकं खाली. पाहुणे वाकतात, आपटतात ती आपलीच माणसं." आत हिरवा उजेड. चाचे, जलपरी, एक सापळा, ठीक आहे, मुलं किंचाळत होती, माब्लीही. मग वळणावर एक बाई. डोक्यावर पोस्टकार्डांवरच्या आपल्याकडच्या बायकांची ती उंच काळी टोपी, जी माझ्या आजीनं जन्मात घातली नाही. लाल शाल, लांब नाक, कोपरापर्यंत पीठ. तिच्या पुढ्यातल्या कणकेच्या काथवटीतून एक पुरुषाचा हात वर येतो आणि ती तो दाबून खाली घालते, पुन्हा वर येतो, पुन्हा दाबते, आणि हसते. वर पाटी, मोठ्या अक्षरांत, लाउरी वेलिन. आणि मग आवाज आला. आधी आपल्या भाषेत, "मी गिरणीवाला बुडवला." लगेच इंग्रजीत, "मी माझ्या नवऱ्याला पाण्यात बुडवून मारलं." तो आवाज मी पहिल्या अक्षराला ओळखला. ज्या आवाजावर मी आयुष्यभर विसंबले, तो मी हिरव्या उजेडात तरी कसा विसरेन, मेरेरिद. माझ्या आजीचं तोंड म्हणून तू बोलत होतीस.

पुढच्या बाकावर एक इंग्रज कुटुंब होतं. माब्लीनं त्यांच्या मुलीला ऐटीत सांगितलं, लाउरी वेलिन आमच्या घरातली. बिचारीला नाव माहीत होतं, भिंतीवर फोटो आहे. त्या मुलीचा बाप हसून म्हणाला, "मग बाई, तुमच्या हातचा केक आम्हाला नको." चांगला माणूस होता, थट्टाच केली. माब्लीही हसली. बाहेर आल्यावर मी ग्विलिमला विचारलं, हे काय आहे रे. तो गोंधळला. म्हणाला, "बाई, आम्हाला वाटलं विनोद केलाय. पाव करताना म्हणतात तो. आपली माणसं हसतात, पाहुणे घाबरतात, दोन्हीकडून तिकीट." त्याला आजोबांचं काहीच ठाऊक नव्हतं. त्याची काय चूक.

कुणा लंडनच्या लेखकानं शब्दकोशात बघून हे लिहिलं असतं, तर मी पोट धरून हसले असते आणि चार गावांत सांगत फिरले असते. अशा चुका आपण किती गोळा केल्या होत्या दोघींनी. रस्त्यावरच्या पाट्या, दुकानांचे फलक, कुठल्याशा अनुवादकाचं ते 'मी सुट्टीवर आहे' असं उत्तर, जे अनुवाद समजून थेट पाटीवर छापलं गेलं. पण ही चूक तुझ्या हातून होऊच शकत नाही. तू तुझ्या आईच्या टेबलाखाली बसलेली आहेस. ज्या माणसाकडून जी चूक होऊ शकत नाही, ती त्यानं केली की तिला चूक म्हणत नाहीत. त्यासाठी वेगळा शब्द आहे, आणि तो दोन्ही भाषांत सारखाच घाण आहे.

त्यावरही मी तुला संधी दिली. खोटं बोलत नाही, वरच्या चहाच्या दुकानात तुला गाठायला येताना मी मनात तुझीच वकिली करत होते. कुणी तरी दबाव आणला असेल, तिनं विरोध केला असेल. तू मिठी मारलीस, माब्लीला चॉकलेट दिलंस. मी विचारलं, तेव्हा म्हणालीस, "अगं नेस्टा, मुलांना वाचवताना मेलेला भला माणूस बघायला कोण तिकीट काढतं?" मी म्हटलं, पण नाव तरी बदलायचं होतंस. तू म्हणालीस, "खरं नाव असलं की गोष्टीला वजन येतं. शिवाय पाहुण्यांना ते वाचतासुद्धा येत नाही." आणि मग ते वाक्य, जे तेव्हापासून माझ्या कानात भुंग्यासारखं गुणगुणतं आहे. "शब्दशः बघशील तर अनुवाद बरोबरच आहे." तेवढ्यात तुझे साहेब आले. तू माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणालीस, या आमच्या गावातल्या एक जुन्या बाई, फार गमतीदार बोलतात. मेरेरिद, पाळण्यापासून त्या दिवसापर्यंत तू माझ्याशी एकदाही इंग्रजी बोलली नव्हतीस. इंग्रजी पाट्यांना काळं फासल्याच्या त्या खटल्यात न्यायाधीश ओरडला तरी आपण दोघी इंग्रजी बोललो नव्हतो. साहेब माझ्याकडे बघून हसले आणि मीही हसले. संतापानं मला हसू येतं हे मला या वयात पहिल्यांदा कळलं.

संध्याकाळी मी माब्लीला समजावून सांगितलं की तसं काही घडलं नाही, ती म्हणण्याची एक पद्धत आहे, पाणी जास्त झालं की म्हणतात. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तू का कधी म्हणत नाहीस?" मी ताटं मांडायला घेतली. ती पुढे म्हणाली, "इंग्रजीत खोटं सांगितलं असेल, आजी. पण ती आपल्या भाषेतही तेच म्हणाली. आपल्या भाषेत कशी खोटं बोलेल?" आयुष्यभर मी या मुलांना हेच शिकवत आले, मेरेरिद. आपली भाषा म्हणजे आपलं घर, तिथे फसवणूक नसते. माझ्या त्याच शिकवणीच्या जोरावर माझी नात आता आपल्या खापरपणजीला खुनी समजते. भिंतीवरच्या फोटोखालून जाताना ती हल्ली जरा पलीकडून जाते. कुणाला कळणार नाही एवढंच. मला कळतं.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. त्या दिवसापासून एक जुनी सभा माझ्या डोक्यात शिरून बसली आहे. गावची शाळा बंद करायचा घाट घातला होता, तेव्हाची. मी व्यासपीठावर, तू मागच्या काचेच्या खोलीत, आणि समोर कानाला हेडफोन लावून बसलेले अधिकारी. तीस वर्षं आपलं असंच चाललं होतं. मी आपल्या भाषेत बोलायचे, तू ते त्यांच्या कानात घालायचीस. लोक म्हणायचे, नेस्टाची आग आणि मेरेरिदचा आवाज. त्या दिवशी मी त्या माणसांना चोर म्हटलं. मुलांच्या तोंडातली भाषा चोरणारे चोर, या शब्दांत म्हटलं. आणि ते मान डोलावत होते. मला वाटलं, लाजले. सभा संपल्यावर त्यातला मोठा साहेब माझा हात हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमचा सूर फार समजूतदार होता, त्याबद्दल आभार." मी ते तुला हसत हसत सांगितलं होतं, काय निगरगट्ट माणूस आहे बघ. तूही हसली होतीस. शाळा पुढच्या वर्षी बंद झाली. आता मला विचारायचं आहे, त्या दिवशी तू त्यांच्या कानात काय घातलंस? आणि त्याआधी? आणि नंतर? मी तीस वर्षं आग ओकत होते, की काचेपलीकडे कुणी तरी तिच्यावर शांतपणे पाणी ओतत होतं? बोलताना माझ्या कानाला कधी हेडफोन नव्हता. बोलणाऱ्याला तो लागत नाही, तो फक्त भरवसा ठेवतो. कुठल्याही मुलखातल्या माणसाला विचार, भरवशाच्या म्हशीचं काय होतं ते.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. शनिवारी तुमच्या नव्या धक्क्याचं उद्घाटन आहे आणि गावातर्फे मी बोलावं असं तुमच्या मंडळानं कळवलं आहे. सोबत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, "पाच मिनिटं, हलकंफुलकं. नेहमीप्रमाणे मी आहेच मागे." मी होकार कळवला आहे. तुला गाफील गाठायचं नाही, म्हणून काय बोलणार तेही सांगते. मी घरून पिठाचा वाडगा आणणार आहे. सगळ्यांसमोर, त्या वाळूतल्या कुटुंबांसमोर, साहेबांसमोर, माब्लीसमोर, मी पिठात पाणी मुद्दाम जास्त ओतणार आहे आणि आमच्या घरात तीन पिढ्या मना असलेलं ते वाक्य माझ्या तोंडानं म्हणणार आहे. मग लाउरी आणि गिटो यांची गोष्ट सांगणार आहे, एकेक मूल खडकावर चढेपर्यंत. तुझं नाव घेणार नाही. इंग्रजीतही मी स्वतः बोलणार नाही, ते काम तुझं आहे, आणि मी ते दुसऱ्या कुणाला देऊ दिलेलं नाही. गिरणीवाला बुडवला, एवढं म्हणून मी थांबेन. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबेन. लोकांना वाटेल, बाई आता थकल्या. पण व्यासपीठावर चढण्याआधी मी दारातल्या पेटीतून एक हेडफोन उचललेला असेल, आणि तू त्या शब्दांचं काय करतेस ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत मी तिथे उभी असेन.

शनिवारपर्यंत तरी तुझीच,
नेस्टा